तापात आकडी आली, मेंदूतल्या पेशी मरतात का?

इंदिरानगरची_आई: मुलगी 14 महिन्यांची, गुरुवारी रात्री ताप 103 वर गेला आणि आकडी आली, दोनेक मिनिटंच असेल पण मला तासभर वाटलं, डोळे वर, हातपाय झटके देतायत, सासूबाई कांदा घेऊन धावल्या. डॉक्टर म्हणाले तापातली साधी आकडी आहे, घाबरू नका. आता डबे वाजवत फिरतेय घरभर. पण मी रात्री मोबाइलवर वाचलं की लहानपणी फिट आली तर मेंदूतले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशी वाढवणारी प्रोटीनं, बदलतात, नवीन पेशी कमी होतात. झोपच उडालीय हो.

जुना_लॅबवाला: ताई, ते उंदरांवरचं असणार. बीडीएनएफ म्हणून एक प्रोटीन आहे, पेशी जगवायचं आणि त्यांच्या जोडण्या घट्ट करायचं काम करतं. फिटनंतर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागात, ते वाढतं, पण वाढलं म्हणजे चांगलंच असं नाही, पेशी जास्त चेकाळूही शकतात. गंमत पुढे आहे. मोठ्या उंदराला लांबलेली फिट आली की तिथे नवीन पेशी उलट जास्त जन्मतात, आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला परत परत फिट आणल्या की कमी. मरायचं म्हणाल तर पिल्लाच्या पेशी मोठ्यांपेक्षा चिवट असतात, घोळ होतो तो वायरिंगमध्ये.

पिंपळगावचा_बागायतदार: म्हणजे आमच्या द्राक्षांवर मारायच्या जीए, जिबरेलिक अ‍ॅसिडसारखंच की! फुलोऱ्यात मारलं तर विरळणी, मणी धरल्यावर मारलं तर फुगवण. औषध तेच, वेळ वेगळी.

जुना_लॅबवाला: अगदी बरोबर दादा. गाबा हा मेंदूतला एक रासायनिक निरोप्या, त्याचंही तसंच, मोठ्या मेंदूत तो ब्रेक, पण नवजात मेंदूत पेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं म्हणून तोच बऱ्याचदा अ‍ॅक्सिलरेटर होतो. पण ताई, पिल्लांना दिवसाला कितीतरी वेळा फिट आणतात आणि तुमच्या मुलीला एकदा, तेही दोन मिनिटं, हे एका मापात मोजू नका. 6 महिने ते 5 वर्षांतल्या 100 पैकी 2 ते 5 मुलांना तापात आकडी येतेच. साधारण तिघांतल्या एकाला परत येते, तेवढी तयारी ठेवा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. 15 मिनिटांच्या वर, एकाच अंगाला किंवा 24 तासांत दोनदा, तर ती साधी नाही.

इंदिरानगरची_आई: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, बरं, कांदा पोह्यात घालते. पाळण्यासमोर भिंतीवर घड्याळ लावलंय आज.