'काउंटी सीट'ला मराठीत काय म्हणावं?

ओवी
अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या डेटन या गावावरचा लेख मराठीत आणते आहे. डेटन हे रे काउंटीचं 'काउंटी सीट', म्हणजे काउंटीचा कारभार जिथून चालतो ते गाव. (स्पेलिंग फसवं आहे, 'ऱ्हिया' लिहू नये, उच्चार 'रे'.) मी 'जिल्ह्याचं मुख्यालय' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'तालुक्याचं गाव' केलं. बरोबर काय?

गणितज्ञ
संपादकांचं बरोबर. टेनेसी क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि काउंट्या ९५. आपल्याकडे ३६ जिल्हे, ३५८ तालुके. म्हणजे काउंटी आकारानं तालुक्याच्याच घरातली. रे काउंटीची लोकसंख्या सुमारे ३३ हजार, डेटनची ७ हजारांच्या आसपास. 'जिल्ह्याचं मुख्यालय' वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सातारा किंवा परभणी येईल, आणि पुढचं सगळं वर्णन त्या मापानं वाचलं जाईल.

मोडीवाचक
आकार जुळला तरी कारभार जुळत नाही. तहसीलदार राज्य सरकार नेमतं. टेनेसीत शेरीफ, काउंटी क्लार्क, दस्तनोंदणी करणारा, मालमत्तेची आकारणी करणारा, कर गोळा करणारा ट्रस्टी हे सगळे काउंटीतले मतदार ४ वर्षांसाठी निवडून देतात.
माझं मत 'कसबा'. जुन्या कागदांत 'मौजे अमुक' म्हणजे खेडं आणि 'कसबे अमुक' म्हणजे बाजारपेठ आणि अंमलदार असलेलं मुख्य गाव. 'कसबे पुणे' त्यातलंच. डेटनसारख्या गावाचा तोंडवळा याच शब्दात आहे.

शुद्धमती
कसबा अरबी. आपला 'ठाणे' असताना बाहेर कशाला जायचं? स्थान, स्थानक, ठाणं अशी सरळ वाट आहे.

मोडीवाचक
शुद्धमतीताई, मग 'जिल्हा' आणि 'तालुका'ही अरबीच, तेही सोडावे लागतील. कसबा मराठीत इतकी शतकं नांदतो आहे की त्याला पाहुणा म्हणणं अन्याय आहे.

रूळवाट
व्युत्पत्ती राहू द्या, वापर बघा. रे काउंटीचं 'सीट' आधी वॉशिंग्टन नावाच्या दुसऱ्याच गावी होतं. १८८० मध्ये सिनसिनाटी ते चॅटनुगा लोहमार्ग पूर्ण झाला, वस्ती आणि व्यापार रुळांकडे सरकले, आणि १८९० च्या सुमारास कारभारही डेटनला आला. आता हे वाक्य मराठीत करून बघा. 'कसबा हलवला' म्हणता येत नाही, कारण कसबेपण हा गावाचा गुण आहे. 'ठाणं हलवलं' लगेच म्हणता येतं. मूळ शब्दातही हलवता येणारी बसायची जागाच आहे.

ओवी
पण पुढच्याच परिच्छेदात शेरीफ आणि तुरुंग येतात. तिथे 'ठाणं' म्हटलं की पोलीस ठाणंच वाचलं जाणार.
शेरीफसाठी 'नगरपाल' चालेल का?

मोडीवाचक
अजिबात नको. मुंबईचा नगरपाल हे मानाचं पद आहे, त्याला कार्यकारी अधिकार नाहीत. काउंटीचा शेरीफ अटक करतो आणि तुरुंग चालवतो. 'शेरीफ' असंच ठेवा.

रूळवाट
मला 'कोर्टहाउस' जास्त अडचणीचा वाटतो. 'न्यायालय' लिहिलं की अर्धी इमारत गळते. जमिनीचे दस्त, कर, लग्नाचे परवाने हे सगळं परंपरेनं त्याच छताखाली. मराठीत याला चपखल शब्द 'कचेरी'. डेटनची कचेरी १८९१ ची, विटांची, मनोऱ्याची. आणि ती चौकात नाही, झाडं आणि हिरवळ असलेल्या आवारात आहे, म्हणून 'स्क्वेअर'ला डोळे मिटून 'चौक' लिहू नये. दक्षिणेतल्या पुष्कळ गावांत मधोमध कचेरी, भोवती चार रस्ते, रस्त्यांपलीकडे दुकानांच्या रांगा अशी मांडणी दिसते. टेनेसीतल्याच शेल्बीव्हिलचं नाव तिला मिळालं आहे. आपला चौक मध्ये मोकळा असतो, तिथला भरलेला.

गणितज्ञ
मजल्यांचंही बघा. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर १९२५ मध्ये झालेला खटला कचेरीच्या 'सेकंड फ्लोअर'वर चालला. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला पहिला धरतात, म्हणून मराठीत 'पहिला मजला'. ही चूक छापील पुस्तकांतही होते. इथे तर ती गोष्टच बिघडवते: २० जुलैला न्यायाधीश रॉलस्टन यांनी कामकाज खाली आवारात नेलं, ते उकाड्यामुळे आणि गर्दीच्या भारानं तक्तपोशी खचेल या भीतीनं. स्कोप्सचे वकील डॅरो यांनी सरकारपक्षाचे ब्रायन यांची उलटतपासणी घेतली ती त्याच दिवशी, आवारात. आणि 'शंभर डॉलर दंड होऊन खटला संपला' असं लिहू नका. ५० डॉलरांवरचा दंड ज्यूरीनं ठरवायचा असतो, इथे न्यायाधीशांनी ठरवला, म्हणून १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. 'निर्दोष सुटला' हेही चूक.

शुद्धमती
ज्यूरीला 'पंच' म्हणावं. 'पंच परमेश्वर' प्रत्येकाला कळतं.

गणितज्ञ
नको. पोलीस पंचनाम्याला दोन पंच बोलावतात, ते साक्षीला असतात, निवाडा देत नाहीत. 'ज्यूरी' रुळलेला आहे.

ओवी
मग शेवटची अडचण, 'ड्रगस्टोअर'. मी 'मेडिकल' लिहिलं आहे.

रूळवाट
ते बदलाच. कोळसा आणि लोखंडाचा धंदा बसला होता. गाव पुन्हा चर्चेत यावं म्हणून हा खटला डेटनमध्येच उभा करायचं चार प्रतिष्ठितांनी ठरवलं, ते रॉबिन्सन यांच्या ड्रगस्टोअरमधल्या टेबलाशी. आपल्या मेडिकलमध्ये गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहतं, बसायला टेबल नसतं. तिथे सोडा मिळे, आणि शाळेची क्रमिक पुस्तकंही. उत्क्रांतीवरून ज्या पुस्तकावर खटला झाला तेही त्याच दुकानात विकायला होतं, आणि दुकानदार स्वतः काउंटीच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष.

शुद्धमती
'औषधालय'?

मोडीवाचक
औषधालयात वैद्य बसतो. 'औषधांचं दुकान' लिहून टेबल आणि सोडा पुढच्या वाक्यात आणा.

रूळवाट
आणि सोड्याला 'सोडावॉटर' करू नका. तो नळातून पेल्यात घेऊन सरबत मिसळून देत, गोटीच्या बाटलीतला नव्हे.