'अ लव्ह सुप्रीम' : सॅक्स शिकणाऱ्यानं हा अल्बम कसा ऐकावा?

खानापूरकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. नोकरी बेळगावात, संध्याकाळी आल्टो सॅक्सोफोन शिकतोय. अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा चार भागांचा अल्बम 'अ लव्ह सुप्रीम' ऐक म्हणून जो तो सांगतो. ऐकला. पहिला भाग आवडला, खरं तिसऱ्यात ड्रम सुरू झाले की माझा धागा सुटतो. चौथ्यात तर ठेका नाही, चाल नाही, नुसता आलाप. घरात कुमारजी, मन्सूरजी ऐकत वाढलोय, त्यामुळं आलाप मला परका नाही. तरी इथं काय धरून ऐकायचं ते कळेना. दुसरं असं, की हा अल्बम आला तेव्हाच लोकांनी डोक्यावर घेतला, का नाव नंतर झालं?

टिळकवाडी
सॅक्सवर गमक ऐकायचे तर आपल्याच राज्यातले कद्री गोपालनाथ ऐका की. त्यांनी कर्नाटक संगीत त्या वाद्यावर बसवलं. जाझमध्ये मी फार शिरलो नाही.

शहापूरचा टेनर
कद्रींबद्दल दुमत नाही. खरं प्रश्न कोल्ट्रेनचा आहे आणि त्यावर मला मनापासून बोलायचंय.

बाळ, मी लग्नाच्या बँडमध्ये टेनर सॅक्स वाजवत आलोय. वरातीत गाणं वाजवायचं तर शब्द तोंडपाठ लागतात. शब्द येत नसतील तर श्वास भलत्या जागी तुटतो आणि ओळ मोडते. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण गाणं बेचव लागतं. हे आधी सांगायचं कारण, तुला जो चौथा भाग आलाप वाटतोय तो आलाप नव्हे. अल्बमच्या वेष्टनात कोल्ट्रेननं स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलीय, आणि ती तो सॅक्सवर अक्षरागणिक म्हणतोय. प्रार्थना समोर ठेव, ओळीवर बोट ठेव आणि ऐक. देवाचे आभार मानणारी ओळ पुन्हा पुन्हा येते, तिथं सॅक्स खाली उतरून षड्जावर टेकतो. श्वास कुठं घेतलाय तेही बघ. वाक्य संपतं तिथंच घेतलाय. एवढी वर्षं फुंकणाऱ्या माणसाला विचार, हे किती अवघड असतं.

आता पहिला भाग. बास वाजवणारा जिमी गॅरिसन चार स्वर धरतो. हार्मोनियमवर पांढरी चार सा धरलीस तर ते सा, कोमल ग, सा, म. बस्स, एवढंच. पुढं कोल्ट्रेन तेच चार स्वर उचलतो आणि बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो. त्यानंतर सॅक्स खाली ठेवून अल्बमचं नाव त्याच स्वरांवर स्वतः म्हणतो. भजनात बुवा कितीही लांब गेले तरी धृपद टाळकऱ्यांच्या तोंडी असतं, तसे ते चार स्वर तुझ्या तोंडी राहायला हवेत.

लोकांनी कसा घेतला, तर तेव्हाच घेतला. 'डाउनबीट' या अमेरिकन जाझ मासिकात १९६१ साली एका समीक्षकानं याच माणसाचं वादन जाझविरोधी ठरवलं होतं. ९ डिसेंबर १९६४ च्या संध्याकाळी न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत चौघांनी हा अल्बम एका बैठकीत वाजवला. १९६५ च्या सुरुवातीला तो बाजारात आला, 'डाउनबीट'नं पाच तारे दिले आणि त्याच वर्षी वाचकांनी मतदानानं तो वर्षाचा अल्बम ठरवला. ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली, पुरस्कार मात्र मिळाला नाही. कोल्ट्रेनच्या एरवीच्या रेकॉर्डी तीसेक हजार खपायच्या, ही १९७० पर्यंत पाच लाखांच्या घरात गेली.

माझं मत विचारशील तर, वादन सोपं होतं म्हणून हे झालं नाही. लोकांच्या हातात ते चार स्वर दिले होते म्हणून झालं. जून १९६५ मध्ये अकरा वादक घेऊन त्यानं 'असेन्शन' केला, त्यात असं हाताला धरून नेणारं काही ठेवलं नाही, आणि बरेच श्रोते मागं राहिले. मला तोही मोठा वाटतो. पण तिथं श्रोत्यानं स्वतःच्या पायांनी चालायचं असतं.

निपाणी
मी तबलेवाला, म्हणून तिसऱ्या भागापुरतं लिहितो. सुरुवातीला एल्विन जोन्स एकटाच वाजवतो, तेव्हा सम शोधत बसू नका. एकट्या ड्रमचं संपून सॅक्स आला की मोजायला लागा : चार मात्रांची बारा आवर्तनं, की फेरी पूर्ण. तो ब्लूज आहे, लय फार चढी आहे इतकंच. मॅकॉय टायनरच्या पियानोच्या डाव्या हाताकडं कान ठेवलात तर फेरी सुटत नाही. आणि एक. रविशंकरांवर कोल्ट्रेनची एवढी भक्ती, की १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. तोही पुढं सॅक्सोफोनवादकच झाला.

खानापूरकर
काका, प्रार्थना समोर ठेवून चौथा भाग ऐकला. अर्ध्यातच अंगावर काटा आला. मग परत पहिल्यापासून सगळा ऐकला. निपाणीचे दादा, तुमची बारा आवर्तनं मध्ये दोनदा सुटली, खरं परत सापडली. आता रियाजात यातलं काय घेऊ? आणि पुढं काय ऐकू?

शहापूरचा टेनर
छान झालं. आल्टोवर स्वरांची नावं सरकतात, म्हणून तुझ्याकडं तेच चार स्वर डी, एफ, डी, जी असे येतील. आधी ते एका श्वासात, जिभेचा ठोका फक्त पहिल्या स्वराला देऊन वाजव. मग एकेक पट्टी चढत बाराही पट्ट्यांत. खालच्या पट्टीत रीड (तोंडाशी बसवलेली वेताची पातळ काप) करकरायला लागली तर ओठ आवळू नकोस, श्वास वाढव. रीड कोरडी असताना तर वाजवूच नकोस, आधी तोंडात धरून चांगली भिजव.

पुढं 'क्रेसेंट' ऐक. १९६४ चाच, हेच चौघे. त्यातल्या संथ रचना शिकणाऱ्याला फार देतात, कारण तिथं टेनरचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. 'असेन्शन' सहा महिने तरी बाजूला ठेव.