मदत हवी आहे : किर्लोस्करांची लक्ष्मणरावांआधीची वंशावळ

वैदेही_मिरज : उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आधीच्या पिढ्यांची वंशावळ कुणाकडे आहे का? नेटवर १८८८चं बेळगावचं सायकल दुकान, लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, एवढंच फिरून फिरून सापडतं. मला आजोबा-पणजोबांची नावं आणि शाखा हव्यात. संमेलनाची स्मरणिका छापायला जायची आहे, लवकर सांगा. शंकरराव आणि शंतनुराव सख्खे भाऊ ना?

मोडीवाचक : तुमचा त्या घराण्याशी संबंध काय?

बेळगावकर_काका : सख्खे नव्हेत, चुलत. शंतनुराव लक्ष्मणरावांचे. 'किर्लोस्कर' मासिकवाले शंकरराव वासुदेवरावांचे, म्हणून तर शंवाकि (शंकर वासुदेव किर्लोस्कर). लक्ष्मणराव काशिनाथपंतांचे चिरंजीव, जन्म १८६९, गाव गुर्लहोसूर. संगीत नाटकवाले अण्णासाहेब (जन्म १८४३) त्याच गावचे. कुठले किर्लोस्कर हवेत ते आधी ठरवा.

पलूसचा_शेतकरी : आजोबा सांगायचे, लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून लोक नांगर घ्यायला धजत नव्हते. आज त्याच माणसाच्या नावाचं स्टेशन आहे. पुणे-मिरज गाडीने किर्लोस्करवाडीला उतरा, जवळच पडतं.

वैदेही_मिरज : काका, स्टेशन माहीत आहे. वंशावळ हवी आहे.

दप्तरी : औंध संस्थानची दप्तरं बघा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी वाडीला जागा दिली, कागद असणारच.

मोडीवाचक : काय उपयोग? वाडी वसली १९१० साली. त्याआधी घराणं बेळगावकडचं, म्हणजे मुंबई इलाख्यातलं. औंधच्या कागदात जमिनीचा व्यवहार मिळेल, पणजोबा कुठून मिळणार?

दप्तरी : अर्जात वडिलांचं नाव असतं. अनुभवावरून सांगतोय.

मोडीवाचक : वडिलांचं नाव काकांनी वर दिलंच आहे.

नाशिकची_सून : ताई, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यात असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की उपाध्ये बरोबर वही काढतात. आमच्या खापरपणजोबांची मोडीतली सही मी त्या लांबट वहीत स्वतः पाहिली, शेजारी बरोबर आलेल्या भावांची नावं. किर्लोस, तालुका मालवण, असं मूळ गाव सांगून बघा.

मोडीवाचक : नुसत्या आडनावावरून मूळ गाव धरू नका. शिवाय बेळगावकडची मंडळी गोकर्णाला जास्त जात.

बेळगावकर_काका : वैदेहीताई, संबंधाचं उत्तर राहिलंच.

वैदेही_मिरज : आईची आजी माहेरची किर्लोस्कर. घरात सगळे म्हणतात आपण 'त्याच' किर्लोस्करांपैकी.

मोडीवाचक : हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग लक्ष्मणरावांपासून खाली येऊ नका, पणजीपासून वर चढा. जुन्या वंशावळींत मुलींची नावं बहुधा नसतात. तुमची पणजी तिथे सापडली नाही म्हणून नातं नाही असं होत नाही, आणि आडनाव जुळलं म्हणून नातं आहे असंही नाही. तिच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव काढा. लग्नपत्रिका, श्राद्धाची टिपणं, जुने खाते उतारे, कशातही मिळेल. ती दोन नावं हातात असली की कुठल्याही वंशावळीत शाखा लागते.

पलूसचा_शेतकरी : वाडीत जुने लोक अजून भेटतील, त्यांनाच विचारा की.

दप्तरी : तोंडी माहितीवर स्मरणिका छापायची?

नाशिकची_सून : तोंडी माहितीवरूनच कागद सापडतो, दादा.

वैदेही_मिरज : मामाला फोन केला. पणजीचे वडील गोकाकला शिक्षक होते, आजोबांचं नाव त्याला आठवत नाही. स्मरणिकेतलं ते पान सध्या बाजूला ठेवायला सांगितलंय. गोकाकच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तालुक्याला बघायच्या की बेळगावला? आणि त्या मोडीत असतील की कानडीत?