ट्रकात ड्रायव्हरचे तास मोजणारं यंत्र सक्तीचं केलं तर? बोला

चौदाचाकी
२०२१ पासून गडकरी साहेब म्हणतायत की पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे पण तास ठरवा आणि केबिनमध्ये झोप ओळखणारा सेन्सर बसवा. तसा कायदा १९६१ पासूनच होता, मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तास झाले की अर्धा तास आराम, लांब पल्ल्याला १० तासांपर्यंत सवलत होती. लाईनीवर, म्हणजे रस्त्यावर गाडी घेऊन असलेल्या कुणालाही विचारा, हसतील. अमेरिकेत इंजिनला जोडलेलं यंत्रच सक्तीचं आहे, युरोपात टॅकोग्राफ, म्हणजे वेग आणि तास नोंदवणारं यंत्र. तसं इकडं आणलं तर? मी विरोधात आहे, आत्ताच सांगतो. आपला हिशोब तासावर नाही, खेपेवर. चाक फिरलं तर पैसे. मागच्या महिन्यात एका सीएफएसच्या (बंदराच्या कंटेनर गोदामाच्या) गेटबाहेर रात्रभर लाईनीत उभा होतो, दर दहा मिनिटाला गाडी दोन हात पुढं घ्यायची, म्हणजे झोप पण नाही आणि भाडं पण नाही. सकाळी गाडी भरली आणि फोन, संध्याकाळपर्यंत पोचव. आता यंत्र काय म्हणणार, गडी ताजा आहे, अजून एक तास पण चालवलेलं नाही.

फलटण_एक्सप्रेस
भावा उलट बोलतोयस तू. यंत्र नाही म्हणूनच शेठ फोन करतो. आज मी म्हटलं झोप येतीय तर उत्तर काय, बाकीच्यांना नाही येत का. उद्या स्क्रीनवर तास संपलेले दिसले, पुढं आरटीओने धरलं तर दंड मालकाला, मग बघ फोन येतो का. ड्रायव्हरच्या बाजूने बोलणारा साक्षीदार आहे तो, दुसरं कोण आहे आपल्याकडं?

दोन_गाड्यांचा_मालक
सगळे शेठ शेठ करतायत म्हणून लिहितो, मी पण आधी ड्रायव्हरच होतो, आता दोन गाड्या आहेत, दोन्ही हप्त्यावर. मुंबई बंगलोर हजार किमी धरा, लोड गाडी, घाट, टोल, जेवण धरून ४० चा ॲव्हरेज पडला तरी २५ तास स्टेअरिंग. ८ तासाने तीन दिवसांच्या वर झाले. पार्टी भाडं तेवढंच देणार, हप्ता तेवढाच जाणार. दुसरा ड्रायव्हर ठेवा म्हणणाऱ्यांनी एक काम करा, मला एक ड्रायव्हर आणून द्या, पहिलाच मिळत नाहीये.

फलटण_एक्सप्रेस
मिळत नाही कारण कुणाच्या घरचे पोराला ह्या धंद्यात घालत नाहीत मालक. त्याचं कारण पण हेच तास आहेत.

लासलगावकर
कांद्याचं काय करायचं ते सांगा आधी. दुपारी लिलाव, मग गोणी भरायच्या, रात्री गाडी निघते, पहाटे वाशीला मार्केट. कसारा घाटात तास संपले तर गाडी तिथंच लावू का?? आणि ट्रॅफिक जाम झाला तर यंत्र थोडीच थांबणारय

फ्रेस्नोहून_निशिकांत
मी स्वतः चालवत नाही, इथे कॅलिफोर्नियात एका ट्रान्सपोर्टमध्ये डिस्पॅचला आहे, आमचे निम्म्याहून जास्त ड्रायव्हर पंजाबी. इकडे डिसेंबर २०१७ मध्ये यंत्र सक्तीचं झालं, तेव्हाही अशीच भांडणं होती, लहान मालक-ड्रायव्हरांची संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली पण कोर्टाने ऐकून घेतलं नाही. एक गैरसमज आधी काढतो, यंत्र गाडी बंद पाडत नाही, फक्त नोंद करतं. रस्त्यात पोलिसाने तपासलं आणि तास उलटलेले निघाले तर आराम पूर्ण होईपर्यंत गाडी जागेवर. लासलगावकर, वाटेत अचानक हवा बिघडली किंवा न कळलेला जाम लागला तर २ तास वाढवून मिळतात, आणि शेतमालाला भरल्या जागेपासून १५० एअर माईलपर्यंत (सरळ रेषेत मोजलेले मैल) तासांचा नियमच लागत नाही, त्यामुळे तुमचा कांदा इकडे असता तर सुटला असता.

पण चौदाचाकी म्हणतायत ते दुखणं इकडेही आहे. नियम असा की १० तास आराम झाल्यावर कामाला लागलात की १४ तासांचं घड्याळ सुरू, त्यातले ११ तास चालवायचे. गोदामात माल चढवायला ५ तास लावले तरी ते १४ तासांचं घड्याळ शक्यतो थांबत नाही. आणि इथेही बहुतेकांचा पगार मैलावर. मग उरलेल्या वेळात माणूस पाय दाबतो. यंत्र आल्यावर काय झालं त्याचा अभ्यासही झाला, तास पाळणं वाढलं, पण लहान कंपन्यांचे अपघात कमी झाले नाहीत, वेग मोडण्याच्या केसेस मात्र वाढल्या. तरी एक सांगतो, जुने ड्रायव्हर सांगतात की कागदी वह्यांच्या काळात दोन-दोन वह्या ठेवायचे, एक पोलिसाला दाखवायची. ते दिवस परत यावेत असं तरुण पोरांपैकी फारसं कुणी म्हणत नाही.

चौदाचाकी
घ्या, मी हेच म्हणतोय. चालवायचे तास मोजले आणि थांबायचे नाही मोजले की माणूस वेग वाढवतो. आपल्याकडं ८० चा गव्हर्नर, म्हणजे वेग अडवणारं यंत्र, आहे म्हणा, पण किती गाड्यांचा वायर जागेवर आहे ते सगळ्यांना माहितीय 😀

क्लीनर_ते_ड्रायव्हर
वायरवरून आठवलं, यंत्र आलं की पहिल्या आठवड्यात क्लीनरच्या नावाने लॉगिन होणार. युरोपात पण टॅकोग्राफला लोहचुंबक लावतात, दुसऱ्याचं कार्ड घालतात. आपण तर ह्यात वस्ताद

धुळेकर_ताई
आमचे मिस्टर लाईनीवर असतात म्हणून बोलते. तुम्ही सगळे भाडं, हप्ता बोलताय. ते घरी येतात तेव्हा दोन दिवस नुसते झोपून असतात, पोरांशी बोलायला पण उठत नाहीत. मला यंत्र पाहिजे. पगार कमी झाला तर बघू.

दोन_गाड्यांचा_मालक
ताई तुमचं बरोबर आहे हो, पण पगार कमी झाल्यावर "बघू" कोण म्हणतं ते मी पण बघितलंय.

सोलापूर_हायवे
तास संपले की थांबायचं कुठं ते कुणी बोलत नाही. ढाब्यावर जेवलं नाही तर थांबू देत नाहीत, मोकळ्या जागी थांबलं तर सकाळी डिझेलची टाकी रिकामी नाहीतर ताडपत्री फाडलेली. क्लीनर नसला तर एक डोळा उघडाच. नवीन गाड्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं, पण उभ्या गाडीत एसी चालवायला इंजिन चालू ठेवावं लागतं आणि ते डिझेल माझ्या हिशोबात कापतात. यंत्र मोजेल ८ तास आराम. कसला आराम.

फलटण_एक्सप्रेस
मालकांना एक विचारतो. ई-वे बिलाला (माल नेण्याचा सरकारी ऑनलाइन कागद) २०० किमीला एक दिवस मुदत असते. पुणे दिल्ली साडेचौदाशे धरा, ८ दिवस होतात. म्हणजे सरकारने वेळ दिलाय. मग पार्टी तीन दिवसात का मागते?

दोन_गाड्यांचा_मालक
अहो ती मुदत बिघाड, लाईन, माल उतरवणं सगळं धरून आहे. पार्टी तीन दिवसात मागते कारण मी नाही म्हटलं तर शेजारचा हो म्हणतो. सगळ्यांना एकाच दिवशी लावा, माझी तक्रार नाही. चारचाकी छोट्या टेम्पोपासून मोठ्या कंपनीच्या गाडीपर्यंत. आधी फक्त नॅशनल परमिटवाल्यांना, मग बाकीच्यांना, असं केलं तर आम्ही बुडालो.

चौदाचाकी
ह्यावर मी तुमच्याबरोबर. फक्त त्याच यंत्रात गेटबाहेरचे तास पण धरा, आणि चार तासाच्या वर गेलं की हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, बिलावर आपोआप चढलं पाहिजे, माल घेणाऱ्याच्या नावावर. तेवढं लिहून द्या, उद्या मीच माझ्या गाडीला बसवून घेतो.

क्लीनर_ते_ड्रायव्हर
हॉल्टिंग बिलावर चढेल हो, तुमच्या खिशात येईपर्यंत शेठच्या खात्यात थांबेल त्याचे तास कोण मोजणार

दोन_गाड्यांचा_मालक
निम्मं देतो मी. विचारा माझ्या ड्रायव्हरला.

चौदाचाकी
निम्मं का? रात्रभर लाईनीत गाडी पुढं कोण घेत होतं?