मदत हवी आहे: क्लच दाबूनही गाडी स्टार्ट होत नाही

नमस्कार मंडळी. माझी मॅन्युअल गाडी ४ दिवसांपासून अडून बसतेय. क्लच पूर्ण दाबून चावी फिरवली तरी स्टार्टर हूं की चूं करत नाही. पेडलच्या वरचा छोटा स्विच बोटाने दाबला की मात्र लगेच स्टार्ट! म्हणजे बॅटरी, स्टार्टर ठीक आहेत.

मेकॅनिक म्हणतो, "त्या स्विचच्या दोन्ही वायरी थेट जोडून टाकतो, म्हणजे क्लच न दाबताही स्टार्ट होईल, कटकट मिटेल." पण बाबा उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्येच लावतात. कोणी क्लच न दाबता चावी फिरवली तर गाडी पुढे उडी घेणार, आणि समोरच सोसायटीतली मुलं खेळतात. मला ते नकोच.

स्विचला टेकणारं पेडलवरचं रबरी बटण झिजून पडलं असेल का? ते सुटं मिळतं का? की स्विचच थोडा पुढे सरकवून बसवता येतो?