एकटीचा धंदा, पण मागे कोण कोण? तुमचे अनुभव लिहा

भाजणीवाली:
आज सकाळी डबे घेऊन गिरणीवर गेले तर काका म्हणाले, "ताई, दिवाळीपर्यंत चालवतो, मग बंद. गुडघे ऐकत नाहीत आता." मला काही बोलताच आलं नाही. डबे तसेच परत आणले, अजून ओट्यावरच आहेत.

चौदा वर्षं माझी भाजणी त्यांच्याकडे दळली जाते. थालीपिठाची, चकलीची, श्रावणात उपासाची. माझं दळण त्यांनी कधी गव्हावर टाकलं नाही. आधी कुणाचे तांदूळ नसले तर स्वतःचे पसाभर घालायचे, मग माझा डबा. उपासाची असली की गिरणी झाडून-पुसून, सकाळी सगळ्यात पहिली. पीठ पडायला लागलं की चिमूट अंगठ्यावर घासून बघणार. "चकलीचं ना? अजून बारीक हवं, तुटेल नाहीतर." मी न सांगता.

पहिल्या दिवाळीला माझ्याकडे डाळी भरायलाच पैसे उरले नव्हते. दळणाचं नाव काढलं तर म्हणाले, "फराळाचे पैसे आले की बघू." कुणाला वाटेल मी एकटी सगळं करते. पाकिटावर माझंच नाव आहे, पण त्या पिठात काकांचा हात आहे.

तुमच्याही मागे असं कुणी असेल तर लिहा ना.

सुईदोरा:
माझे मशीनवाले मामा!! सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात छातीपर्यंत होतं. शिलाई मशीन, मोटर, कात्र्या, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर मामा न बोलावता आले. मशीन सुटं केलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि गच्चीवर जुन्या चादरीवर उन्हात मांडला. तिसऱ्या दिवशी टाका पडला तेव्हा मी रडले. त्यांचं स्वतःचं दुकानही पाण्यात गेलं होतं हो. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

खडीसाखर:
ताई वाचून पोटात कालवलं. चकलीच्या भाजणीचं प्रमाण द्याल का? माझी तेलात विरघळते.

लालबागचा_नातू:
'गिरणी' वाचून आलो, आमच्याकडे गिरणी म्हणजे कापडाची. पण लिहितोच. आजोबा गेल्यावर आजीने खानावळ घातली. एका खोलीत बारा गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण, पैसे पगाराच्या दिवशी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगारच थांबले. आजीने ताटं थांबवली नाहीत. ती सांगायची, कोपऱ्यावरच्या वाण्याने वही मिटली नाही म्हणून जमलं. पुष्कळ जण गावी गेले ते गेलेच. दोघांनी मात्र पुढे कितीतरी वर्षांनी मनीऑर्डर केली. तिला त्या पैशांपेक्षा त्यांनी पत्ता जपून ठेवला होता याचं अप्रूप.

त्याआधी भांडी आणि स्टोव्हसाठी बँकेचं कर्ज मिळालं होतं, ते अन्नपूर्णा महिला मंडळामुळे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलं ते. गोवा मुक्तिसंग्रामात लढलेली बाई. तारण ठेवायला या बायकांकडे काय असणार? मग खानावळवाल्यांनीच गट करून एकमेकींना जामीन राहायचं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात, आधी काय झालं ते विचारायला. आजी शेवटपर्यंत त्यांना 'माझ्या जामीन बायका' म्हणायची.

सुईदोरा:
बाप रे. जामीन बायका. 🙏

गारवा_सर्व्हिस:
मी एसी-फ्रीज दुरुस्त करतो, एकटाच. मे महिन्यात शिडीवरून पडलो, उजवं मनगट मोडलं. ऐन सीझन. ज्याच्याशी मी तीन वर्षं धड बोलत नव्हतो त्या पलीकडच्या गल्लीतल्या माणसाने सहा आठवडे माझी कामं केली आणि प्रत्येक घरी माझंच कार्ड ठेवून आला. गॅस भरायचे तेवढे पैसे घेतले, मजुरी नाही. अजून त्याला नीट आभार मानता आलेले नाहीत. यावर्षी ताईंचा फराळ त्याच्याकडे पाठवेन म्हणतो. ऑर्डर घेताय का?

जर्सीकरीण:
न्यू जर्सीत घरी भाजून विकायला २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत परवानगीच नव्हती, त्यामुळे माझी नानकटाई भाड्याच्या स्वयंपाकघरात व्हायची. रात्री ९ नंतर भाडं कमी. शेजारची गुजराती मावशी त्या सगळ्या रात्री माझ्या मुलीजवळ झोपायची. मुलगी अजून तिच्याच हातचं दूध पिते.

भाजणीवाली:
@गारवा_सर्व्हिस घेतेय, व्यक्तिगत निरोप करा. त्या दादांच्या डब्याचे पैसे मी घेणार नाही.
@खडीसाखर ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, मूठभर धने, थोडे जिरे. धुऊन सावलीत वाळवायचं, वेगवेगळं भाजायचं, लाल करायचं नाही. विरघळते म्हणजे मोहन जास्त झालंय किंवा तेल नीट तापलेलं नाही.

नवी_सुरुवात:
अन्न परवाना कसा काढला? मला फॉर्म बघूनच धडकी भरते.

भाजणीवाली:
भाच्याने भरला, मी नुसती शेजारी बसले होते. छोट्या घरगुती धंद्याला नोंदणी असते. आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. आधार, फोटो आणि राहत्या जागेचा पुरावा जवळ ठेव. अडलीस तर सांग, त्याला फोन करायला लावते.

नवी_सुरुवात:
ताई खरंच? 😭 रविवारी चालेल?

सुईदोरा:
कुकर उतरला. तर पुरात गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाऊज वाहून गेले होते. सगळ्यांना फोन केले, कापडाचे पैसे देते म्हणाले. नऊ जणींनी घेतले नाहीत. दहावीने घेतले, तिचंही घर पाण्यात होतं, बरोबरच केलं तिने. अकरावीने लग्नातला शालू पाठवला फॉल लावायला. म्हणाली मशीन सुरू झाल्यावर पहिला माझाच लाव.

खडीसाखर:
भाजणीवाली ताई, डबे नेलेत का परत?

भाजणीवाली:
आत्ता निघतेय. चार वाजता गर्दी कमी असते, काकांशी बोलता येईल.