पॉइंटवाली बुलेट ३५० पावसाळाभर उभी होती, आता चालूच होईना

विश्रामबागकर (सांगली)
१९९६ ची बुलेट ३५० स्टँडर्ड आहे. पॉइंटवाली, उजव्या पायात गिअर. पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बॅटरी नवीन टाकलीय, १२.६ व्होल्ट दाखवते, हॉर्न खणखणीत वाजतो. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, प्लगही नवा घातला. तरी किकला दाद देत नाही, साधं फुट्ट पण करत नाही. चावी फिरवून किक हळूहळू दाबली तरी अँपमीटरचा काटा मध्यावरून हलत नाही. गॅरेजवाले म्हणतात कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळं बदला आणि कार्बोरेटरही नवा घाला. खरंच एवढं लागेल का?

जुनं_लोखंड (मिरज)
थांबा दादा, खिशात हात घालू नका. निम्मं निदान त्या काट्यानेच केलंय.

या गाडीत चावी ऑन असताना पॉइंट (इंजिनबरोबर उघडझाप करणारी स्विचची दोन तोंडं) मिटले की ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलमधून ३ ते ४ अँपिअर करंट जातो आणि काटा तेवढा मायनसकडे झुकतो. पॉइंट उघडले की मध्यावर परत येतो. म्हणून किक सावकाश दाबली की काटा डुलला पाहिजे. सारखा मायनसलाच चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कंडेन्सर शॉर्ट आहे. तुमच्यासारखा हललाच नाही तर करंट जातच नाही. पावसाळ्यात उभ्या गाडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटच्या तोंडांवर धरलेला गंजाचा पापुद्रा. दिसायला स्वच्छ दिसतात, पण करंट सोडत नाहीत.

खात्री करायची तर चावी ऑन करून पॉइंट मिटलेले ठेवा आणि मल्टिमीटरची काळी वायर इंजिनला लावा. लाल वायर आधी कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथे स्विचकडून वायर येते. तिथे १२ च्या आसपास नसेल तर इग्निशन स्विच किंवा वायरिंग बघा. असेल तर लाल वायर दुसऱ्या टोकाला, पॉइंटकडे जाणाऱ्या वायरवर न्या. पॉइंट मिटलेले असताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. इथेही १२ आले तर पॉइंट करंट इंजिनच्या बॉडीला (अर्थला) सोडतच नाहीत. एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला शून्य येऊनही काटा हलत नसेल, तर कॉइल आतून तुटलीय. चावी बंद करून, वायरी सोडून तिचा रेझिस्टन्स मोजा, साधारण ३ ते ४ ओहम यावा.

पॉइंट साफ करायला ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून दोन तोंडांच्या मधून ओढा. नंतर कोऱ्या कागदाची पट्टी कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून तशीच ओढा, कागद काळा यायचा थांबेपर्यंत. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. मग पेपरची भुकटी मध्ये अडकते आणि करंट पुन्हा अडतो. शेवटी कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वात उंच जागी फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिमी गॅप लावा. कॅमवर ग्रीसचा नखाएवढा ठिपका पुरे, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

अजिंक्यतारा_३५० (सातारा)
वरचं बरोबर आहे, पण करंट आला तरी पेट्रोल राहतंच. तेवढ्यासाठी नवा कार्बोरेटर मात्र नको. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. त्यात आपल्या उसाचंही असतं, अभिमान आहेच, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. टाकीचा कॉक सोडून जाळी बघा, तळाला तपकिरी गाळ असेल तर टाकी धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर बदला, दोन फूट नळीला काय पैसे लागतात!

कार्बोरेटरचं खालचं भांडं सोडून पायलट जेट काढा. त्याचं भोक केसाएवढं असतं, जेट डोळ्याला लावून उजेड आरपार दिसला पाहिजे. क्लीनर मारा, नाहीच निघालं तर वायरमधली तांब्याची एक तार घाला. सुई घालू नका, भोक मोठं झालं की जेट फुकट. एअर स्क्रू पूर्ण आत करून दीड ते दोन फेरे बाहेर.

आणखी एक: चोक लावून ॲक्सिलरेटर पिळायचा नाही. या कार्बोरेटरचा चोक थ्रॉटल बंद असतानाच पेट्रोल ओढतो, पिळला की चोक असून नसल्यासारखा.

विश्रामबागकर (सांगली)
मोजलं. कॉइलच्या दोन्ही टोकांना १२.४ येत होते, पॉइंट मिटलेले असताना. सांगितल्याप्रमाणे साफ करून ०.४० गॅप लावला, आता काटा डुलतो आणि प्लगला निळी ठिणगी येते. जेटही साफ केला. आता नवीनच नाटक: कार्बोरेटरमधून फट् करते आणि किक उलटी मारते. किक जडही लागतेय. टायमिंगला हात लावलेला नाही.

जुनं_लोखंड (मिरज)
हात लावला नसला तरी गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते. त्यात पॉइंट प्लेटखालची ॲडव्हान्सची (इंजिनचा वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजून उघडीच अडकली असतील तर बघायलाच नको. कॅम बोटाने फिरवून सोडा, स्प्रिंगने झटकन मागे यायला पाहिजे. येत नसेल तर वजनं काढून साफ करा, पिनांना थेंबभर तेल द्या.

मग टायमिंग. प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणा, तिथून इंजिन उलटं फिरवून ०.८ मिमी खाली, म्हणजे टोकाला पोचायच्या आधीची जागा. वजनं मिटलेली असताना नेमके तिथे पॉइंट उघडले पाहिजेत. पॉइंटच्या वायरला आणि इंजिनला १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा, चावी ऑन ठेवा, ज्या क्षणी बल्ब पेटतो तिथे पॉइंट उघडतात. हे होईपर्यंत किक मारू नका. उलटी किक घोट्याला महागात पडते आणि किकचे दातेही खाते.

टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) थंड इंजिनवरच बघा. कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला दोन्ही पुशरॉड बोटाने गोल फिरले पाहिजेत, पण वरखाली हलायला नकोत.

कृष्णाकाठ (सांगली)
किक जड असण्याचं कारण वेगळं असू शकतं. खूप दिवस उभ्या बुलेटचं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी साचतं. खालचा ड्रेन बोल्ट सोडून भांड्यात घ्या, मग ऑइलच्या टाकीतली लेव्हल बघून भरा. तरी चालू झाल्यावर थोडा वेळ पांढरा-निळा धूर येईल, घाबरू नका.

निघालेलं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर मात्र आत पाणी आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत झोपणाऱ्या गावात ही शक्यता धरायलाच हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शेडमध्ये पाणी आलं होतं का, आणि त्यानंतर इंजिन उघडलं होतं का? तसं असेल तर ऑइल बदला आणि फिल्टरही नवा घाला. गाडी ५ मिनिटं चालवून ते ऑइलही काढून टाका, मगच कायमचं भरा.

सगळं झालं की किकची पद्धत: चावी बंद, चोक लावून डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढून तीन-चार सावकाश किका. डिकॉम्प्रेसर सोडून किक अडेपर्यंत दाबा, लिव्हर ओढून अर्धा इंच पुढे ढकला, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या. आता चावी ऑन, थ्रॉटल बंद, आणि एकच पूर्ण किक, खालपर्यंत.